मागे मोठी चाकं, पुढे लहान

२७ जुलै १९८९, गुरुवार. शिरपूर

खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी सात महिने कोरीच पडली होती. आज तिच्यात लिहिण्यासारखं काही झालं. धुळ्याच्या आरटीओनं मला लायसन दिलं. प्रमिला सुकदेव माळी, वय चौतीस. साहेबांनी माझ्याकडून गाडीनं इंग्रजी आठचा आकडा दोनदा काढून घेतला. पुढच्या तिघा पुरुषांना एकदाच काढायला लावला. दोन्ही वेळा माझा बरोबर आला. तिघांपैकी एकाचा चुकला आणि त्यालाही लायसन मिळालं. मी पाहत होते.

हे घरी खाटेवर वाट पाहत होते. हे म्हणजे माझे मालक. मार्चमध्ये जीपखाली काम करताना जॅक सरकला आणि यांचा डावा पाय चिरडला. दोन बोटं काढावी लागली, टाच वळत नाही. क्लच दाबता येत नाही. गव्हाचं शेत मोकळं झालं तेव्हा कुबडी घेऊन बाजूला बसले आणि यांनीच मला गाडी शिकवली. एकदाही ओरडले नाहीत. लायसन हातात घेऊन फोटो पाहिला आणि म्हणाले, "फोटोत रागावलेली दिसतेस."

म्हटलं, रागावलेलीच होते.

३ ऑगस्ट, गुरुवार

पहिली फेरी. दर गुरुवारी बोरपाणीचा बाजार असतो. इथून बेचाळीस किलोमीटर, शेवटचे बारा सातपुड्यात. आधी नाला लागतो, पुढे आठ किलोमीटर दगडाचा रस्ता, मग उखळीचा चढ. पावसाळ्यात बाकीच्या जीपा नाल्याशी थांबतात आणि लोक डोक्यावर माल घेऊन पुढे चालत जातात. आमची थांबत नाही. आमची लष्कराच्या लिलावातली आहे. मोठ्या गिअरजवळ एक छोटा दांडा आहे. तो ओढला की मागच्या चाकांबरोबर पुढचीही जोर लावतात, चारही चाकं मिळून गाडी चिखलातून काढतात.

स्टँडवर अभिमन नाना, तिथले सेक्रेटरी, वहीत गाड्यांचे पाळीचे नंबर लिहितात. मला सीटवर बसलेली पाहून म्हणाले, "सुकदेव कुठे आहे?"

"घरी."

"मग गाडी कोण नेणार?"

मी किल्ली फिरवली. मागे बसलेले चार जण उतरले. एक म्हातारा उतरता उतरता म्हणाला, "मन्हा घरमा पोरंसोरं शेतस, बाई." घरी लेकरं आहेत म्हणे. मी काय त्याचा जीव घेणार होते?

खातून चाची उतरली नाही. चाची बांगड्या भरते, वीस वर्षं बोरपाणीचा बाजार करते. तिनं टोपल्या मांडीवर घट्ट धरल्या आणि मला म्हणाली, "चल बेटी, धूप हो रही है."

गेलो. आलो. बेचाळीस जाताना, बेचाळीस येताना. मीटर लिहून ठेवायची यांची सवय आहे, आता मीही ठेवते.

१० ऑगस्ट, गुरुवार

नाल्यात मागची चाकं घसरली. टायर पार टकले झाले आहेत. स्टँडवर बातमी माझ्याआधी पोचली होती. अभिमन नाना म्हणाले, "एखादा ड्रायव्हर ठेवा, ताई. आम्ही तुमच्या भल्याचंच सांगतो."

गेल्या पंधरा दिवसांत माझ्या भल्याचं सांगणारे मी मोजले. अकरा झाले.

१२ ऑगस्ट

पितांबरभाऊ आला. यांचा धाकटा भाऊ, त्याचा ट्रॅक्टर आहे आणि एक मिनीट्रक. मी गाडी शिकत होते तेव्हा तो महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता. गल्लीत तोंड दाखवायची लाज वाटते म्हणाला होता. आज दोन टायर घेऊन आला, जवळजवळ कोरे. आपल्या हातानं जीपच्या मागच्या चाकांना चढवले.

टायर मोठे आहेत. जीप पुढे वाकल्यासारखी दिसते, बैल पाणी प्यायला वाकतो तशी. मी विचारलं, "भाऊ, पुढचे लहान आणि मागचे मोठे, चालतं का असं?"

"वयनी, ट्रॅक्टर देख," तो म्हणाला. "मांगे मोठं चाक, पुढे धाकलं. बठ्ठा जोर मांगे ऱ्हास. ट्रॅक्टरले चालस, मंग जीपले काबरं नही चालाव?"

खरंच की, सगळा जोर तर मागेच असतो. ट्रॅक्टरइतका चिखलात कोण चालतो? मला फार बरं वाटलं. टायरचं नाही, तो आला त्याचं. जेवूनच जा म्हटलं तर घाई आहे म्हणाला. गेला तेव्हा पाहिलं, त्याच्या मिनीट्रकला मागे पार घासलेले टायर होते. स्वतःच्या गाडीची त्याला काळजीच नाही, पहिल्यापासून असाच आहे.

१४ ऑगस्ट

ग्रीसिंगला नासीर मिस्त्रीकडे गेले. खातून चाचीचा मुलगा. यांचं सगळं काम तोच करायचा. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "ताई, हे काढा. चारही टायर एका मापाचे पाहिजेत. नाहीतर तो छोटा दांडा लावू नका. दोन्ही एकत्र जमणार नाही."

"का?"

"दांड्याखालची दात्यांची पेटी मोडेल."

"कशी काय मोडेल? ट्रॅक्टर नाही मोडत."

तो हसला. "ट्रॅक्टरचं वेगळं असतं. तुम्ही सुकदेवभाऊंना पाठवा रिक्षानं, मी त्यांना समजावतो."

गाडी मी नेली होती. प्रश्न मी विचारला होता. उत्तर मात्र यांना देणार. मी ग्रीसिंग करून घेतलं आणि निघून आले. यांना काही सांगितलं नाही. बारा झाले.

१७ ऑगस्ट, गुरुवार

दांडा ओढला आणि नाल्यातून जीप अशी निघाली की काठावरचे लोक बघत राहिले. चाची म्हणाली, "बुलेट है रे." टायरनं चिखल कापत नेला. नासीरला म्हणावं, ये बघायला.

आणि गंमत म्हणजे मीटरवर बोरपाणी साडेएकोणचाळीस आलं. येतानाही तेवढंच. रस्ता तोच, वळणं तीच. अडीच किलोमीटर कमी झाले. यांना सांगितलं तर यांनी वर पाहिलं. "मीटरची केबल बघ," म्हणाले. केबल ठीक आहे. मला वाटतं, गाडी आता घसरत नाही, सरळ जाते, म्हणून कमी भरतं.

३१ ऑगस्ट, गुरुवार

पोळा. बाजार लवकर उठला. नाला ओलांडल्यावर छोटा दांडा परत टाकायला गेले तर हलेना. दोन्ही हातांनी ढकलला. मागे बसलेल्या एका पावरा आदिवासी बाईनं न विचारता पुढे वाकून माझ्या हातावर हात ठेवून जोर लावला, तरी नाही. शेवटी गाडी चार हात मागे घेतली तेव्हा खटकन सुटला.

जुना दांडा आहे. गंजला असेल. मी त्याला तेल दिलं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

स्टेअरिंग जड झालंय. दगडाच्या रस्त्यावर वळण घेताना वाटतं, कुणीतरी चाक धरून ठेवलंय. खांदे दुखतात. स्टँडवर हे बोलायची सोय नाही. लगेच म्हणतील, बाईच्या हातात जोर कुठला. चटणी वाटताना हात उचलेना तेव्हा यांनी पाहिलं.

"जड लागते का?"

"नाही."

"अंगणात शिरताना गाडी घुमते. पूर्वी घुमत नव्हती."

"तुम्ही पूर्वी आत बसायचे. खाटेवरून पहिल्यांदा ऐकताय."

यांनी तोंड फिरवलं. मी जरा जास्तच बोलले. पण पायाबरोबर गाडीही गेली असं यांना वाटू नये, म्हणून मला सगळं ठीकच ठेवायचं आहे.

२१ सप्टेंबर, गुरुवार

पुढचे टायर कडेला पट्ट्यापट्ट्यानं झिजलेत. रस्ता खराब आहे.

२८ सप्टेंबर, गुरुवार

नाल्यानंतर दांडा सुटायला तीनदा मागे-पुढे करावं लागलं. पायाखाली पत्रा गरम होता आणि जळक्या तेलाचा वास आला. परत येताना चाची म्हणाली, "नासीर रोज पूछता है. वो टायर बदली किए क्या?"

"त्याला म्हणावं, मला विचारायचं तर मला विचार."

चाची हसली नाही. "बेटी, वो बात करनेमें उल्टा है. लेकिन हाथका सच्चा है."

आईला मुलाचं सगळं सच्चंच वाटणार.

१० ऑक्टोबर, दसरा

जीपला झेंडूची माळ घातली. पितांबरभाऊ सोनं द्यायला आला. पायानं मागचं टायर दाबून पाहिलं आणि खूश झाला. म्हणाला, "कशी शोभी राह्यनी." यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग टायरकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते, पण त्याच्या तोंडावरचा आनंद पाहून थांबले असावेत. मला म्हणाले, "दगडावर दांडा काढत जा हं. फक्त चिखलातच लाव."

काढतेच. सुटतो तेव्हा.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

दिवाळीआधीचा शेवटून दुसरा बाजार. नऊ माणसं, चाचीच्या बांगड्यांच्या सहा टोपल्या. नाल्यानंतर दांडा सुटलाच नाही. पाच वेळा मागे-पुढे केलं. मागची माणसं म्हणू लागली, बाई, बाजार निघून जाईल. म्हटलं, जाऊ दे, आठ किलोमीटरचा तर प्रश्न आहे. तशीच चारही चाकांवर दगडाच्या रस्त्यानं निघाले. गाडी दात खात चालली होती.

उखळीच्या चढावर दुसऱ्या वळणाला खालून धाडकन आवाज आला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मग मागे सरकायला लागली. ब्रेक दाबला तर निम्मा लागला. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर. मी मान मागे वळवली, स्टेअरिंग फिरवलं आणि गाडीचा मागचा कोपरा डोंगराच्या बाजूला घातला. दणका बसला आणि थांबली.

कुणी मेलं नाही. आधी हे लिहायला हवं होतं.

दोघांना खरचटलं. टोपल्या उलटून बांगड्या रस्ताभर झाल्या. चाची खाली बसली होती, उजवा हात डाव्या हातात धरून. मनगट सुजलं होतं. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "रो मत. काच पायको लगेगी, देखके चल."

लाकडाच्या ट्रकनं जीप ओढत खाली आणली. चाचीला दवाखान्यात नेलं. मनगट मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर.

घरी आले. हे दारात उभे होते, कुबडी न घेता, भिंतीला धरून. एवढंच म्हणाले, "पेटी?"

मी हो म्हटलं.

२० ऑक्टोबर

नासीरच्या गॅरेजला गेले. तो गाडीखाली होता. बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं नाही. "अम्मीचा उजवा हात आहे," म्हणाला. "बांगड्या उजव्या हातानंच भरतात."

मी तशीच परत आले.

२२ ऑक्टोबर, रविवार

स्टँडची मीटिंग झाली. मला बोलावलं नव्हतं, तरी गेले. अभिमन नानांनी वहीत लिहिलेलं वाचून दाखवलं. सुकदेव माळी यांच्या गाडीला पुरुष ड्रायव्हर मिळेपर्यंत नंबर बंद.

मी विचारलं, "कारण?"

"कारण तुम्हाला माहीत आहे, ताई."

"मला नाही माहीत. तुम्ही सांगा."

"बाईच्या हातून गाडी चढावर सुटली. कारण काय असायचं?"

गेल्या वर्षी स्टँडवरच्याच एकानं भरलेली जीप पुलाच्या कठड्यावर घातली होती. त्याचा नंबर दुसऱ्या दिवशी चालू होता. मी हे तिथे बोलले. सगळ्यांनी बिड्या पेटवल्या.

२४ ऑक्टोबर

पितांबरभाऊ आला. दारातच म्हणाला, "वयनी, आते पुरं कर. मी पह्यलेच सांगेल व्हतं. गाडी इकी टाक."

गाडी विक म्हणताच माझ्या डोक्यात तिडीक गेली. भल्याचं सांगणारे आता तेरा. आणि एकदम वाटलं, यानं टायर दिले ते यासाठीच. जीप मोडावी आणि मी घरी बसावं म्हणूनच. मी ते तसंच बोलले, त्याच्या तोंडावर. यांच्यासमोर.

तो उभा राहिला. चेहरा पांढरा पडला. पाठ वळवून गेला.

हे म्हणाले, "प्रमिला, तू चुकलीस."

म्हटलं, चुकू दे. सगळ्यांचं ऐकून घ्यायला मी एकटीच आहे का?

२५ ऑक्टोबर

ठरवलं, कुणाला विचारायचं नाही. आपणच पाहायचं. दुपारी सुतळीचं रीळ घेऊन गॅरेजला गेले. नासीर जेवायला गेला होता. पुढच्या टायरभोवती सुतळी गुंडाळली, दोन टोकं मिळाली तिथे गाठ मारली, जमिनीवर ताणून टेपनं मोजली. साडेसात फूट. मग मागचं टायर. आठ फूट.

घरी येऊन डायरीच्या मागच्या कोऱ्या पानांवर हिशेब केला. मी नववीपर्यंत गणितात पहिली होते.

मागचं चाक एका फेरीत आठ फूट जातं, पुढचं साडेसात. नुसतं मागच्या चाकांवर चालताना काही बिघडत नाही, पुढची आपापली गरगर फिरतात. पण दांडा ओढला की चारही चाकं आतून एकमेकांना बांधली जातात. मागचं जेवढ्या फेऱ्या घेईल तेवढ्याच पुढच्यानं घ्यायच्या. दर फेरीला अर्धा फूट जास्त. चिखलात चाक घसरतं आणि तो अर्धा फूट निघून जातो. दगडावर घसरायला जागा नाही. मग तो अर्धा फूट कुठे जाणार? दांडा अडकवणार, स्टेअरिंग ओढणार, टायर खाणार आणि शेवटी पेटीतले दाते.

नाल्यापासून उखळीपर्यंत आठ किलोमीटर. म्हणजे सव्वातीन हजार फेऱ्या. सव्वातीन हजार वेळा अर्धा फूट, नऊ माणसं बसवून.

मीटरचंही कळलं. मीटर फेऱ्या मोजतं, रस्ता नाही. चाक मोठं झालं, फेऱ्या कमी झाल्या. मी रस्ता कमी झाला म्हणून आनंदात होते.

नासीर बरोबर होता. हे लिहायला मला पाऊण तास लागला.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

नासीरसमोर दोन्ही सुतळ्या ठेवल्या. "तुमचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही. चाचीच्या हाताला मी कारण आहे."

त्यानं सुतळ्या उचलल्या, एकीला एक लावून पाहिल्या. मग म्हणाला, "हे मी तुम्हाला त्या दिवशी दोन मिनिटांत दाखवू शकलो असतो. सुकदेवभाऊंना पाठवा म्हणालो."

"हो. म्हणालात."

"ते माझं चुकलं."

पेटी उघडून ठेवली होती. त्यानं मला बसायला डबा दिला आणि एकेक दाता दाखवत सगळं समजावलं. ट्रॅक्टरचंही सांगितलं. साध्या ट्रॅक्टरला जोर मागच्याच चाकांना असतो, पुढची नुसती वळायला. चारही चाकं ओढणारा ट्रॅक्टर असतो, त्याचे आतले दाते चाकांच्या मापानं केलेले असतात. दुपार कधी झाली कळलं नाही. जुने दाते धुळ्याच्या भंगार बाजारात मिळतील म्हणाला. "पण चार सारखे टायर आल्याशिवाय मी पाना लावणार नाही."

"मीच लावू देणार नाही."

२७ ऑक्टोबर

स्टँडवर गेले. अभिमन नानांच्या टेबलावर सुतळ्या ताणल्या आणि सगळ्यांना समजावून सांगितलं. दोघा-तिघांनी माना हलवल्या. एकानं हळूच आपल्या जीपच्या टायरकडे पाहिलं.

नाना म्हणाले, "म्हणजे चूक तुमचीच, हे कबूल करता."

"करते. टायरची चूक माझी. गाडी मागे सरकल्यावर ती डोंगराच्या बाजूला मी घातली, तेही वहीत लिहा."

"सुतळीनं गाडी चालत नाही, ताई. मीटिंगचं ठरलेलं आहे."

म्हणजे कारण सापडून काही उपयोग नाही. स्टँडवाल्यांना कारण नकोच होतं. बाहेर येताना मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. उलट पाय जोरात पडत होते.

१ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पितांबरभाऊ आला नाही, बायकोला फराळ घेऊन पाठवलं. आज हे म्हणाले, "तो वाईट नाही गं. तुला टायर दिले ते त्याच्या चालत्या गाडीचे होते. काढून दिले. तेव्हापासून तो टकल्या टायरवर कापूस नेतोय. दोनदा पंक्चर होऊन वाटेत बसला. मला म्हणाला, वयनीले सांगू नको."

मी डायरी मागे उलटून पाहिली. १२ ऑगस्ट. मीच लिहून ठेवलंय, घासलेले टायर होते म्हणून. पाहिलं, लिहिलं आणि त्याचा अर्थ लावला तो असा.

संध्याकाळी त्याच्या खळ्यावर गेले. तो कापसाच्या गाठोड्यावर बसला होता. मी म्हटलं, "भाऊ, मी वाईट बोलले."

तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "मले वाटनं, ट्रॅक्टरसारखंच ऱ्हाई." मग म्हणाला, "गाडी इकी टाक म्हने मी. त्या दिन मले भ्याव वाटनं. तू दरीमा जाती तं?"

मोठे टायर त्याला परत दिले. तो घेईना. म्हटलं, मला आता ते उपयोगाचे नाहीत, तुमच्या गाडीला बसतात. तेव्हा घेतले. निघताना त्यानं माझ्याकडून साडेसात फुटांची सुतळी मागून घेतली. कशाला ते सांगितलं नाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

पितांबरभाऊ धुळ्याहून एसटीच्या टपावर दोन टायर टाकून घेऊन आला. जुने आहेत, पण पुढच्यांइतकेच झिजलेले. दुकानदार म्हणे हसत होता, हा माणूस सुतळी घेऊन अकरा टायर मोजतोय. भाऊनं मोजून पाहिल्याशिवाय घेतले नाहीत. गाठीला गाठ मिळाली तेच आणले.

गॅरेजात मी आणि नासीरनं पुन्हा मोजले. अर्ध्या बोटाचाही फरक नाही.

११ नोव्हेंबर

पेटी बसली. ब्रेक नवे केले. हे रिक्षानं गॅरेजला आले, जुलैनंतर पहिल्यांदा घराबाहेर. मी गाडी सुरू केली आणि कुणी काही बोलायच्या आत हे डोळे मिटून ऐकत उभे राहिले. मग मान हलवली. नंतर नासीरला म्हणाले, "आता काही असलं तर हिलाच सांगत जा. माझ्यापर्यंत येतं तोवर उशीर होतो."

१४ नोव्हेंबर

नंबर बंद म्हणजे स्टँडवर माणसं बसवता येणार नाहीत. पण बोरपाणीचा रस्ता स्टँडच्या मालकीचा नाही. खातून चाची आज प्लास्टरचा हात गळ्यात बांधून बांगडीवाल्या गल्लीत घरोघर फिरली. गुरुवारी सहा बाया येणार. मी तिला म्हटलं, तुझा हात बरा होऊ दे आधी. म्हणाली, "हाथ टूटा है, ज़बान नहीं."

१६ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी बांगडीवाल्या गल्लीतून गाडी भरून निघाले. वाट स्टँडवरूनच जाते. अभिमन नाना हात आडवा करून रस्त्यात आले.

"ताई, नंबर नाही तुम्हाला."

"नंबर नको, नाना. जागाच नाही गाडीत."

मागच्या बाया हसल्या. नाना बाजूला झाले. मी हॉर्नही वाजवला नव्हता.

नाल्यात पाणी आता गुडघ्याखाली आहे, पण चिखल आहेच. दांडा ओढला, निघाले, पलीकडे दांडा टाकला. एका बोटानं पडला. चढाच्या पायथ्याशी उतरून चारही चाकं हातानं चाचपली. मग वर निघाले.

दुसऱ्या वळणाआधी मागच्या दोघी म्हणाल्या, बाई, थांब जरा, आम्ही एवढं चालत येतो. मला राग आला नाही. थांबवली. त्या उतरल्या. बाकीच्याही उठू लागल्या. चाची पुढे माझ्या शेजारी बसली होती. तिला म्हटलं, "तूही उतर. मी वर थांबते."

"मैं नहीं उतरनेवाली," ती म्हणाली. "उस दिन भी बैठके आई थी."

मग बाकीच्याही बसल्या. उतरलेल्या दोघीही परत चढल्या, पदर तोंडात धरून. रस्त्याच्या कडेला अजून काचेचे तुकडे होते, हिरवे आणि लाल. मी ते पाहिले आणि पुढे पाहिलं. गाडी घुमली नाही, अडकली नाही, चढत राहिली.

बाजारात चाचीची पथारी मांडून दिली. गिऱ्हाईक आलं आणि तेव्हा लक्षात आलं, एका हातानं बांगडी भरता येत नाही. एकानं हात दाबून धरावा लागतो, दुसऱ्यानं काच सरकवावी लागते. चाचीनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या नखांत ग्रीस होतं. ओढ्यावर जाऊन हात घासून आले आणि तिच्या शेजारी बसले. पावरा बाया हात पुढे करायच्या, मी मुठीत धरून अंगठ्याखालचं हाड दाबायचे आणि चाची डाव्या हातानं बांगडी चढवायची. ती सांगायची, ढिला छोड, अब दबा, अब छोड. पहिल्या दोन फुटल्या. मग जमलं. एका नवरीनं दोन्ही हात कोपरापर्यंत भरून घेतले आणि विचारलं, "बाई, तू कोणाची?"

चाची म्हणाली, "ये जीप चलाती है."

ती नवरी माझ्या हाताकडे पाहत राहिली.

टोपल्या चार रिकाम्या झाल्या. ऊन असतानाच निघालो. मीटरवर बेचाळीस आणि बेचाळीस. शिरपुरात शिरताना स्टँडवर सगळे उभे होते, नानाही. कुणीतरी हात वर केला, बोलवायला की थांबवायला, कळलं नाही. गाडीत सहा बाया गाणं म्हणत होत्या. मी गाडी हळू केली नाही.